पट्टीवरचे हिरवे ठिपके

पत्र (थोडक्यात):
मावशी, मी एकतीस वर्षांची, नाशिकला असते. एक्सप्रेस एंट्रीतून नवऱ्याचं कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचं चाललंय. आम्ही दोघं आणि मुलगी. मागच्या बुधवारी मुंबईत तिघांची मेडिकल झाली. मुलीला पाच पूर्ण झाली आहेत, म्हणून तिचीही लघवी तपासली. त्या दोघांचं सगळं नीट आलं. माझ्या लघवीत मात्र रक्त ‘दोन प्लस’ आणि प्रोटीन ‘एक प्लस’ निघालं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवसांनी पुन्हा या, परत बघू. एवढंच. माझे बाबा दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. ते मी तिथे सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. सासूबाई म्हणतात, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. नवरा काहीच बोलत नाही, तेच जास्त लागतं. एजंट म्हणतो, थोडे पैसे द्या, दुसऱ्या वेळी काही निघणार नाही याची व्यवस्था करतो. शेजारचे काका म्हणाले, एकदा ‘अनफिट’ लागलं की कायमचं. घरात असंही निघालं की ते दोघं पुढे जातील, मी मागाहून जावं. माझ्यामुळे तिघांची फाइल जाणार का?
ता. क. पाळी संपून दोनच दिवस झाले होते. रक्त द्यायचं म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी होते. पहाटे उठून पंचवटी पकडली आणि गाडीतलं टॉयलेट नको म्हणून उतरेपर्यंत पाणीही प्यायले नव्हते. याने काही फरक पडतो का?
— नाव नको, नाशिक

उत्तर:
तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगं करते.

अगं, पत्राची सुरुवात ता. क. पासून करायची! सासूबाई, शेजारचे काका आणि एजंट यांच्यावर तू पानभर लिहिलंस, आणि जे त्या डॉक्टरांना टेबलासमोर बसल्या बसल्या सांगायला हवं होतं ते तळाशी तीन ओळींत. फरक पडतो का विचारतेस? तुझ्या दोन प्लस आणि एक प्लसचा बराचसा उलगडा बहुधा त्या तीन ओळींतच आहे.

मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली. सुरुवातीला आमच्याकडे पट्ट्या नसायच्या. परीक्षानळीत लघवी घ्यायची, नळी तिरकी धरून स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवायचा आणि काळ्या कागदापुढे धरून बघायचं. वरच्या भागात पांढुरका गढूळपणा आला की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर ते नुसते फॉस्फेटचे क्षार, राहिला तर प्रोटीन. आता ते सगळं गेलं. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर रंगीत चौकोन. लघवीत बुडवायची, कपाच्या काठावर निथळायची आणि साधारण मिनिटभराने बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायची. प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट होत जातो. रक्ताच्या चौकोनावर आधी बारीक हिरवे ठिपके उठतात. रक्त जास्त असलं की अख्खा चौकोनच हिरवा, मग निळसर. वाचायला उशीर केला तर रंग उगाच गडद होतात, म्हणून आमच्याकडे नवीन मुलीला पहिल्यांदा घड्याळ बघायला शिकवायचो, पट्टी नंतर.

या पट्टीला रक्त कळतं, ते कुठून आलं हे कळत नाही. मूत्रपिंडातून झिरपलेलं असो, मूतखड्याने खरचटून आलेलं असो की पाळीचं मागे राहिलेलं असो, तिला सगळं सारखंच. पाळी ‘संपली’ म्हणजे कपड्याला डाग लागायचा थांबला, एवढंच. पट्टीला दिसण्यापुरतं रक्त त्यानंतरही दोन-तीन दिवस लघवीत मिसळू शकतं. आणि रक्त आलं की त्याच्याबरोबर थोडं प्रोटीन येतंच. त्यात तू रात्रीपासून उपाशी आणि तहानलेली. ‘एक प्लस’ प्रोटीन म्हणजे डेसिलिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम. पण पट्टी मोजते ती त्या कपातली दाटी. दिवसभरात अंगातून एकूण किती प्रोटीन गेलं, हे तिला माहीत नसतं. आटवलेलं दूध जास्त गोड लागतं तसं आहे हे. पाणी कमी, म्हणून सगळंच दाट.

आणि उपाशी राहायला सांगितलं कुणी? त्या मेडिकलमध्ये पंधरा वर्षांपुढच्यांचं रक्त घेतात ते एचआयव्ही, सिफिलिस आणि क्रिएटिनिनसाठी (मूत्रपिंडं नीट काम करताहेत का, ते या आकड्यावरून कळतं). यातल्या कशालाच उपाशीपोटी असावं लागत नाही, लघवीला तर नाहीच. उपास आपण बायका आपल्याच मनाने धरतो. ट्रेनमध्ये पाणी न पिण्याचंही तेच. त्या टॉयलेटांची अवस्था बघता तुला दोष देववत नाही, पण तहान मारून आणि लघवी तुंबवून आपण लघवीच्या जंतुसंसर्गाला आवतण देतो, हे लक्षात असू दे.

माझ्या भाच्याचं सांगते. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी हा पठ्ठ्या जिममध्ये दोन तास घाम गाळून आला, का तर ‘फिट दिसायला हवं’. दुसऱ्या दिवशी पट्टीवर प्रोटीनही आणि रक्तही. वर तो खायचा जिमवाल्यांची क्रिएटिनची पावडर, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिनही जरा चढलेलं. घरात रडारड. मी त्याला जिम आणि पावडर दोन्ही बंद करून स्वस्थ झोपायला सांगितलं. दुसऱ्या वेळी पट्टी कोरी. जबर व्यायाम, ताप, जंतुसंसर्ग, पाळी, या चार गोष्टींनी किती पट्ट्या रंगतात ते लॅबवाल्यालाच ठाऊक. तिशीच्या आतल्या सडसडीत मुलामुलींचं आणखी एक असतं: दिवसभर उभं राहिलं, हिंडलं-फिरलं की लघवीत प्रोटीन येतं, रात्रभर आडवं झोपून पहाटे केलेली लघवी मात्र स्वच्छ. त्यांना काहीही झालेलं नसतं. आणि मधुमेहाचा पेशंट हल्ली डापाग्लिफ्लोझिन घेत असेल तर रक्तातली साखर आटोक्यात असूनही लघवीत साखर भरभरून दिसते, कारण साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हेच त्या गोळीचं काम. हे तुझ्यासाठी नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कुणाचे तरी सासरे उद्या त्यापायी घाबरतील.

थोडक्यात, ‘परत या, बघू’ याचा अर्थ तेवढाच. एका पट्टीवरून निदान करायचं नसतं, म्हणून ती पुन्हा करायची. मेडिकल करणारे डॉक्टर तुम्हाला पास-नापास करत नाहीत. ते तपासतात, हवं तर आणखी चाचण्या सांगतात आणि सगळं पुरं झालं की ऑनलाइन पाठवून देतात. निर्णय कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा.

शेजारच्या काकांचं ‘अनफिट’ कुठून आलं, तेही सांगते. ते बहुतेक आखाताचं बोलताहेत. आपल्याकडून, विशेषतः कोकणातून, तिकडे पिढ्यानपिढ्या माणसं गेली. त्या मेडिकलमध्ये छातीच्या एक्स-रेवर जुन्या टीबीचा डाग किंवा रक्तात कावीळ बी निघाली की ‘अनफिट’चा शिक्का बसतो आणि माणूस घरी परततो. कॅनडाचा कायदा निराळा आहे. तिथे प्रकृतीच्या कारणावरून नाकारायच्या वाटा तीनच: सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षेला धोका, किंवा तिथल्या आरोग्य आणि समाजसेवांवर अवाजवी भार. लघवीतल्या रक्ता-प्रोटीनाचा संबंध आलाच तर तिसऱ्या वाटेने. त्याची मर्यादाही रकमेत ठरलेली आहे. १ जून २०१८ पासून ती तिप्पट केली, आणि २०२५ साली ती वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. डायलिसिसचा खर्च ही रेघ सहज ओलांडतो. वर्षाकाठी दोन तपासण्या आणि रक्तदाबाची एक गोळी तिच्या जवळपासही जात नाही. मधे कितीतरी पायऱ्या आहेत, आणि तू पहिल्या पायरीवरसुद्धा उभी आहेस की नाही ते अजून ठरायचंय.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ‘माझ्यामुळे तिघांची फाइल जाणार का?’ यावर तुला गोड बोलून फसवणार नाही. कुटुंबातल्या एकाला प्रकृतीच्या कारणाने नाकारलं तर सगळ्यांचा अर्ज अडकू शकतो, तो कायदाच तसा आहे. भीती तुझ्या मनाने रचलेली नाही. पण तिथवर जायच्या आधी खातं लेखी पत्र पाठवतं, शंका काय ते सांगतं आणि उत्तर द्यायला मुदत देतं. तेव्हा आपल्या डॉक्टरांचे रिपोर्ट, उपचारांचा आराखडा, खर्चाचा हिशेब सगळं मांडता येतं. पंधरवड्यात कुणी ईमेलने तुमचा संसार मोडत नाही.

आणि ‘ते दोघं पुढे, तू मागाहून’ ही युक्ती ज्याने काढली त्याने नियम वाचलेले नाहीत. बरोबर न जाणाऱ्या बायकोचीही मेडिकल करावीच लागते. तिचं नाव फाइलमधून गाळलं, तिची तपासणीच होऊ दिली नाही, तर पुढे नवऱ्याला तिला स्पॉन्सर करून नेण्याची वाटही बंद होऊ शकते. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एजंटचं ‘व्यवस्था करतो’ याचे अर्थ दोनच. एक तर तो दुसऱ्याची लघवी तुझ्या नावावर देणार, नाहीतर पैसे खाऊन काहीच करणार नाही आणि तुझी लघवी आपसूक स्वच्छ निघाली की ‘बघा, जमवलं’ म्हणणार. मला दुसरं जास्त शक्य वाटतं. पण पहिलं असेल तर ऐक. नमुना पासपोर्टवरची ओळख पटवून तिथेच द्यायचा असतो, आणि खोटेपणा उघडकीस आला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. शिवाय दुसऱ्या कुणाच्या लघवीने तुझ्या मूत्रपिंडाबद्दल तुला काय कळणार? बदाबदा पाणी पिऊन जायचा सल्लाही कुणीतरी देईलच. पट्टीवर एक चौकोन लघवीच्या दाटीचाही असतो. लघवी निव्वळ पाण्यासारखी आली तर डॉक्टर तिसऱ्यांदा बोलावतील. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या की रक्त असूनही पट्टीवर दिसत नाही, हेही आता बऱ्याच जणांना कळलंय. घेऊ नकोस. चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबव.

जाताना एवढं सांभाळ. पुढची पाळी कधी येणार ते कॅलेंडरवर बघ. मागची संपून किमान आठवडा झालेला आणि पुढची आलेली नाही, अशी तारीख माग. फोनवर कारण सांगायला लाजू नकोस, तिथल्या मुलींना हे रोजचं आहे. खरं तर पहिल्याच वेळी त्यांनी विचारायला हवं होतं. आदल्या दिवशी मुंबईत कुणा नातेवाइकाकडे मुक्काम कर. सकाळी नेहमीसारखा चहा-नाश्ता, तहान लागेल तेवढं पाणी. जळजळ, थंडी-ताप, पांढरं जाणं असलं काही असेल तर आधी नाशिकलाच लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) कर, औषधांचा कोर्स पुरा कर, मग जा. कप घेण्याआधी जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे धुवायची, कोरड्या टिश्यूने टिपायची. पहिली धार भांड्यात सोडायची, मधली कपात धरायची, शेवटची पुन्हा भांड्यात. कपाच्या आत बोट लावायचं नाही. तिथल्या टॉयलेटमध्ये पर्स अडकवायला हूकही नसतो, तेव्हा पर्स नवऱ्याच्या हातात देऊन जा. त्यालाही काहीतरी काम होईल.

आणि डॉक्टरांसमोर बसलीस की हा ता. क. वाचून दाखव.

दुसऱ्यांदाही रक्त किंवा प्रोटीन निघालं तर ते सूक्ष्मदर्शकाखाली लघवी बघतील, क्रिएटिनिनचा आकडा बघतील, कदाचित किडनीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट मागतील. सूक्ष्मदर्शकाखाली खूप काही कळतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पिळवटून आलेल्या लाल पेशी वेड्यावाकड्या दिसतात. खड्याने किंवा मूत्राशयातून आलेल्या गोल गरगरीत. खडा निघाला तर तो आपल्याकडे घरोघरी आहे, त्यापायी कॅनडा अडत नाही. थोडं प्रोटीन, क्रिएटिनिन ठीक, रक्तदाब ठीक असं निघालं तर सहसा लक्ष ठेवायला सांगतात. तपासणीला महिना-दीड महिना जास्त गेला तरी घाबरायचं कारण नाही; मेडिकल बारा महिने चालते.

आता बाबा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, आणि पत्रात तू यावर एकच ओळ लिहिलीस.

बाबांची मूत्रपिंडं कशाने गेली? तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा तुलाही माहीत नाही. आपल्या घरांतून हे असंच असतं. डायलिसिसचा वार कुठला, गाडी कोण नेणार, पाणी किती द्यायचं, फिश्चुलाच्या (डायलिसिससाठी शीर जोडलेल्या) हातावर बीपी घ्यायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं आणि मूळ आजाराचं नाव कुणीच विचारलेलं नसतं. ते विचार. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किंवा रक्तदाबाने गेली असतील, तर तुला मधुमेह-रक्तदाबाची काळजी घ्यायची, बाकी त्यांचं डायलिसिस तुझ्या वाट्याला येतं असं नाही. पण सोनोग्राफीत त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठीच गाठी दिसल्या असतील, तर तो बहुधा आनुवंशिक आजार आहे. मूल मुलगा असो की मुलगी, त्याच्याकडे तो यायची शक्यता निम्मी. लघवीत रक्त हे त्याचं एक लक्षण. तसं असेल तर तुझी सोनोग्राफी व्हायला हवी. पोटावर जेल लावून पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तुझ्या वयाला गाठी असतील तर त्या सहसा दिसतात. तुला भाऊ-बहीण असतील तर त्यांचीही.

मेडिकलमध्ये बाबांबद्दल विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही म्हणून तू काही लपवलंस असं होत नाही. तिथे तपासणी तुझी असते. पण आपणहून सांगितलंस तरी बिघडत नाही, डॉक्टरांना नीट विचार करता येतो. तुझा स्वतःचा आजार, चालू औषधं, झालेली ऑपरेशनं मात्र एक अक्षरही गाळायची नाहीत.

आणि एक. दुसऱ्यांदा पट्टी कोरी निघाली तर घरात पेढे येतील आणि सोनोग्राफी राहून जाईल. असं घडताना मी शेकड्याने पाहिलंय. व्हिसाच्या फाइलला हवं होतं ते मिळालं की लोक रिपोर्ट कपाटात टाकतात. कोऱ्या पट्टीने कॅनडाचं समाधान होईल, बाबांच्या आजाराचं नाव तेवढ्याने कळत नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? लग्न झालं तेव्हा बाबा डायलिसिसवर होते का? मुलगी पाच वर्षांची आहे आणि डायलिसिसला दोन वर्षं झाली, तेव्हा हिशेब त्याच करतील. तू वाद घालू नकोस. नवऱ्याला मात्र बोलतं कर. तो गप्प आहे तो तुझ्यावर रागावून की स्वतः घाबरून, हे मला इथून कळत नाही. पण पुरुष आकड्यांपुढे आणि तारखांपुढे जरा मोकळे होतात. त्याला हे उत्तर वाचायला दे, तारीख त्याला ठरवू दे, मुंबईत मुक्कामाचं त्याला बघू दे. एजंटला फोन त्यानेच करावा आणि ‘व्यवस्था नको’ एवढं सांगून ठेवावा.

बाबांच्या डायलिसिसच्या दिवशी एकदा तू सोबत जा, डबा घेऊन. ते तीन-चार तास खुर्चीत अडकलेले असतात, बोलायला कुणी नसतं. तिथल्या डॉक्टरांकडून मूळ आजाराचं नाव कागदावर लिहून घे.

आणि मला कळव. कॅनडाचं नाही कळवलंस तरी चालेल, सोनोग्राफीचं कळव.